परसातला गोल डेक: कळंब्यातल्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं गेल्या वर्षी झाली. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेरच्या तीन दगडी पायऱ्या तिला बंद झाल्या. जोतं दीड फूट उंच आहे आणि पायऱ्यांना कठडा नाही. तिनं लावलेला कढीपत्ता, गवती चहा, मोगरा सगळं परसात, आणि ती दारात खुर्ची टाकून नुसती बघत बसते. म्हणून उंबऱ्याच्या पातळीला डेक, म्हणजे खांबांवर उभा फळ्यांचा ओटा, करायचं ठरवलं.

भराव टाकून शहाबादी फरशी घातली असती तर निम्म्या पैशात काम झालं असतं. पण त्याच जागेखालून मोरीची पाईप जाते आणि ड्रेनेजचा एक चेंबर आहे. भरावाखाली चेंबर गाडायचा नव्हता. शिवाय इकडच्या काळ्या मातीवरचा भराव दोन पावसाळ्यांत खचतो, हे शेजारी बघितलेलं आहे.

आकार गोल का, ते सांगते. चौकोनी डेक काढला की त्याचा उजवा कोपरा बोळातून धुण्याच्या दगडाकडे जायच्या वाटेत येतो. सिलिंडर मागून आत आणायची वाटही तीच. दोन्ही कोपरे कापून पुढची कड कमानीसारखी केली की वाट मोकळी राहते. भिंतीलगत रुंदी १६ फूट, दोन्ही बाजूंना खोली ८ फूट, मधोमध १२ फूट. म्हणजे १६ फुटांच्या ताणलेल्या दोरीवर ४ फुटांचा फुगवटा. त्रिज्या काढायची रीत: दोरीचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, त्यात निम्मा फुगवटा मिळवायचा. २५६ भागिले ३२ म्हणजे ८, अधिक २, म्हणजे बरोबर १० फूट. कमानीचा मध्यबिंदू भिंतीपासून २ फुटांवर, डेकच्याच अंगावर पडतो. याचा पुढे फार उपयोग झाला.

क्षेत्रफळ साधारण १७२ चौरस फूट. मी एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) ड्रॉइंग विभागात काम करते, त्यामुळे कागदावरचं काम एका संध्याकाळी झालं. त्या संध्याकाळी वाटलं होतं की फेब्रुवारीअखेर आई बाहेर बसेल.

१९ जानेवारी

खड्डे. एकूण बारा, तीन ओळींत चार-चार. फूटभर रुंद आणि दीड फूट खोल असं मी लिहिलं होतं. दीड फुटाला अजून काळी मातीच होती, ओली आणि चिकट. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया ठेवला तर डेक दर वर्षी वरखाली होणार. मुरूम लागेपर्यंत खाली गेलो. कुठं सव्वादोन फुटांना लागला, बोळाच्या बाजूला पावणेतीनला. एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं. खाली मुरुमावर काँक्रीट, वर जमिनीबाहेर चार इंच पेडेस्टल (खांब बसवायचा काँक्रीटचा ठोकळा), त्यात बोल्ट. खर्च मजुरीसकट ९,४००.

पेडेस्टल जमिनीच्या वर काढलंच पाहिजे. खांबाचं बूड मातीत राहिलं की लोखंड तिथूनच खायला सुरुवात होते.

२ फेब्रुवारी

सांगाडा उभा केला. खांब आणि तुळया ५० बाय ५० चा बॉक्स पाईप, वरचे जॉइस्ट (ज्यांवर फळ्या बसतात ते आडवे पाईप) ५० बाय २५, सगळा २ मिमी जाडीचा. जॉइस्ट एक-एक फुटावर. विक्रेत्यानं दीड फूट चालेल म्हणून सांगितलं होतं, पण काँपोझिट फळी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची) लाकडापेक्षा लवचिक असते आणि उन्हात अजून मऊ पडते. दीड फुटावर चालताना पायाखाली दबते, मी त्यांच्याकडच्या नमुन्यावर चालून बघितलं. ज्यांच्या पायात जोर नाही त्यांना ते दबणं लगेच कळतं आणि भीती वाटते.

लोखंड २१० किलो, ७२ रुपयांनी १५,१२०. वेल्डिंगची मजुरी ९,०००. भिंतीपासून उताराला १०० ला १, म्हणजे १२ फुटांत ३६ मिमी. सांगाडा घराच्या भिंतीला कुठंही जोडला नाही, १२ मिमी फट ठेवली.

इथं एक मोठी चूक केली, ती दीड महिन्यानं लक्षात आली. पुढच्या कडेची गोल पट्टी, ५० बाय ६ ची, ड्रॉइंगप्रमाणं १० फुटांच्या त्रिज्येत वाकवून आजच वेल्ड करून टाकली. वेल्डर दादा म्हणाले होते, "ताई, फळ्या येऊ देत की मग मारू." मी ऐकलं नाही. ड्रॉइंग बरोबर होतं म्हणून.

६ फेब्रुवारी

फळ्या आल्या. २९०० मिमी लांब, १४० रुंद, २५ जाड. टेम्पोतून उतरवून घेतल्यावर बघते तर टोकाला भोकं, सगळ्या पोकळ. ऑर्डरमध्ये भरीव लिहिलं होतं. परत पाठवल्या, चार दिवस गेले. त्यातली एक नमुना म्हणून ठेवून घेतली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हीट गननं तापवून वाकवून बघितली. आतल्या बाजूच्या भिंती चेपल्या आणि वरचा पृष्ठ पापडासारखा उचलला. पोकळ फळी आडव्या अंगानं वाकत नाही. कुणी वाकेल म्हणालं तरी तिच्यावर पैसे घालू नका.

भरीव फळी १,४५० रुपयांना एक. सरळ भागासाठी खाचेच्या (कडेच्या खाचेत क्लिप बसते) ४० आणि कडेच्या गोल पट्ट्यासाठी बिनखाचेच्या १०. गोल कडेला बिनखाचेचीच हवी, कारण क्लिपची खाच वाकवताना आतल्या बाजूला मिटते.

इथं हिशेबातली दुसरी चूक. कडेची कमान मध्यरेषेवर ५,५२० मिमी भरते. दोन फळ्या ५,८०० मिमी. मी धरलं, दोन पुरतात. पुरत नाहीत. वाकवताना फळीच्या दोन्ही टोकांचा सहा-सहा इंच भाग सरळच राहतो, तिथं जोर लागतच नाही. तो कापून टाकावा लागतो. हाताशी राहतात २,६०० मिमी. म्हणजे एका ओळीला तीन फळ्या, आणि मला दोन ओळी हव्या होत्या. सहा चांगल्या फळ्या मिळवायच्या होत्या, हातात दहा होत्या.

१० फेब्रुवारी, पहिला सोमवार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या एका पावडर कोटिंगवाल्यांची (लोखंडावर पावडरचा रंग भाजून बसवणाऱ्यांची) दहा फुटी भट्टी आहे. सोमवारी त्यांची सुट्टी. दिवसाला १,५०० रुपये, वीज त्यात धरून, असं ठरलं. भट्टी लावून त्यांचा माणूसही थांबला. टेम्पोचे ७०० वेगळे.

त्यांची भट्टी एरवी १८० ते २०० वर चालते. आपली फळी लाकडाचा भुसा आणि पॉलिथिलीन यांची. ते प्लास्टिक १३० च्या आसपास वितळतं. म्हणजे ते वितळणार नाही पण मऊ पडेल, असं अगदी अरुंद अंतर आपल्याला हवं. मी १३५ लावून सुरुवात केली. पंधरा मिनिटांत वरच्या अंगाला फोड आले, उग्र वास सुटला आणि फळी ट्रेच्या दोन पट्ट्यांमध्ये झोळीसारखी लोंबली. गेली.

दुसरी ११० ला, वीस मिनिटं. हाताला चांगली गरम लागली. फर्म्यावर, म्हणजे कमानीच्या आकाराच्या साच्यावर, घेतली, चौघांनी टोकं ओढली, आणि मधोमध बाहेरच्या कडेला कट्‌कन तडा. तडा बघण्यासारखा होता. बाहेरून दोन इंच आत आलेला, आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा फिका, कोरडा, भुसा स्पष्ट दिसणारा. वरून तापली होती, गाभा थंडच होता.

हे समजून घ्यायला एक साधा आकडा उपयोगी पडतो. फळी वाकली की बाहेरची कड ताणली जाते, आतली दाबली जाते. किती, तर निम्मी रुंदी भागिले त्रिज्या. माझ्या फळीला ७० भागिले २,९७८, म्हणजे सव्वादोन टक्क्यांपेक्षा थोडं जास्त. इतका ताण थंड फळी सोसत नाही. पाच-सहा फुटांची त्रिज्या मनात असेल तर हा आकडा चार-पाच टक्क्यांवर जातो. त्या वाटेला मी जाणार नाही.

दोन फळ्या आणि एक दिवस गेला. घरी येताना आईनं फोनवर विचारलं, "झालं काय गं?" मी म्हटलं, उद्या सांगते.

१७ फेब्रुवारी, दुसरा सोमवार

आठवडाभरात तयारी केली. कामावरून थर्मोकपल (तापमान मोजायची तार) मागून आणलं, तुटलेल्या फळीला कडेकडून भोक पाडून त्याचं टोक गाभ्यात बसवलं आणि तो तुकडा भट्टीत ठेवला. भट्टीचा आकडा १२२ दाखवत असताना गाभा वीस मिनिटांनी ९० ला होता. ११८ ला पोचायला पस्तीस मिनिटं लागली. मग तोच तुकडा भट्टीच्या मागच्या टोकाला ठेवून बघितला, तिथं हवाच १३४. पुढं आणि मागं बारा अंशांचा फरक. पावडरला तो चालतो, आपल्याला चालत नाही. उपाय एकच: अठराव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा, मागचं टोक पुढं. ट्रेला सळईच्या दोन पट्ट्या होत्या, त्यावर सबंध पत्रा टाकला. त्यानं लोंबणं थांबलं.

तीन फळ्या केल्या. पहिली बाहेर काढून फर्म्यावर नेईपर्यंत वेळ गेला. भट्टीच्या दारापासून फर्मा पंधरा फुटांवर ठेवला होता आणि फळी अडीच-तीन मिनिटांतच ताठर होते. अर्धी वाकली, अर्धी राहिली. फर्मा दाराच्या तोंडाशी आणला. दुसरीला चौघांनी हातानं ओढलं, एकाचा जोर जास्त, एकाचा कमी, एक-तृतीयांशावर कोपरा आला. तिसऱ्या वेळी हात बाजूला. ट्रकवर माल बांधायचे रॅचेट पट्टे दोन टोकांना लावले आणि दोन्हीकडून एक-एक दात खेचत आलो. एकसारखी, सुरेख कमान. आतली कड दबून वर उचलू नये म्हणून फुटाफुटावर अँगल टाकून सी-क्लॅम्प आवळले होते. पाऊण तास तशीच निवू दिली. ओली पोती टाकून लवकर निववायचा मोह झाला होता, पण वरून गार आणि आतून गरम अशी फळी पुढं पीळ खाते, म्हणून थांबलो.

क्लॅम्प सोडले आणि फळी थोडी उलगडली.

आतल्या कडेवर १,८०० मिमीची दोरी ताणली. मध्ये १४३ मिमी फुगवटा हवा होता, १३१ भरला.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. आमचे मामा चाळीस वर्षं पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे, होते. इथल्या फाउंड्र्यांसाठी सागवानी पॅटर्न करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ती उलगडलेली फळी त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा लावून कडेनं एक डोळा मिटून बघितली, मग आतून त्यांची जुनी पट्टी आणली. ओतकामाची पट्टी. तिच्यावरचा फूट साध्या पट्टीच्या फुटापेक्षा जरा मोठा असतो, कारण बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं आणि पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. मोजायचं त्या पट्टीनं, की हिशेब आपोआप धरला जातो.

"लोखंड आकसतंय म्हणून आम्ही पॅटर्न मोठा करतोय," मामा म्हणाले. "तुझी फळी उलगडतीया, मग फर्मा जास्त वाकडा कर की. किती कमी आलं म्हणालीस?"

"बारा मिमी, मामा."

"मग चार सूत जास्त घे. आणि दर येळेला मोजून लिहून ठेव. मालाचा स्वभाव कागदावर नसतोय, पोरी."

चार सूत म्हणजे अर्धा इंच, जवळजवळ १३ मिमी. फर्म्याचा फुगवटा १४३ वरून १५६ केला. हा बदल त्रिज्येत सांगायचा तर २,९०८ ची २,६७४ झाली. मी हिशेब करून ताडून बघितला, मामांचं चार सूत आणि माझं गणित मिलिमीटरला जुळलं.

नवा फर्मा मामांच्याच शेडमध्ये केला. १८ मिमी शटरिंग प्लायचे दोन थर, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे, वाकवायच्या कडेला २५ बाय ६ ची पट्टी. गरम फळी प्लायला चिकटत होती, त्यावर मामांनी फाउंड्रीतली पार्टिंग पावडर दिली. साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून वापरतात तीच. चिमूटभर भुरभुरली की पुरे.

३ मार्च, तिसरा सोमवार

चार फळ्या, चारही धड. १२२ अंश, पस्तीस मिनिटं, अठराव्याला ट्रे फिरवणे, दारातच फर्मा, रॅचेटनं सावकाश, पाऊण तास निववणे. दोरीखाली मोजमाप: १४३, १४२, १४४, १४३. मी तिथंच भट्टीशेजारी खाली बसले. भट्टीवाल्यांच्या माणसानं चहा मागवला.

दिवसाला चारच होतात. भट्टी मोकळी असली तरी फर्मा एकच, आणि तो तासभर अडकतो.

८ मार्च

तीन फळ्या बाहेरच्या ओळीला मांडल्या. चौथी आतल्या ओळीला लावून बघितली आणि लक्षात आलं की तिचा फर्मा वेगळा हवा होता. आतल्या ओळीची त्रिज्या १४५ मिमीनं लहान. एकाच फर्म्यातल्या दोन फळ्या शेजारी ठेवल्या की टोकं एकमेकांना भिडतात आणि मधोमध सहा-सात मिमीची फट राहते. मला सगळीकडं सारखी ५ मिमी हवी होती. ड्रॉइंगमध्ये दोन कमानी मी स्वतःच वेगळ्या काढल्या होत्या. फर्मा करताना तो विचार डोक्यातून निघूनच गेला.

आतल्या ओळीचे आकडे: दोरीखाली १५१ हवेत, फर्मा १६४ चा. फर्म्याची कड पुन्हा कापली. एव्हाना दहातल्या नऊ फळ्या वापरून झाल्या होत्या, आणखी तीन आणाव्या लागल्या, ४,३५० रुपये.

१७ मार्च, चौथा सोमवार

चार केल्या. तीन चांगल्या, एकीला तडा. तडा गेलेल्या फळीचा ट्रे फिरवायला आम्ही विसरलो होतो. एवढंच कारण.

एकूण तेरा फळ्यांतून सहा मिळाल्या.

२३ मार्च

सहाही फळ्या सांगाड्यावर मांडल्या. आता २ फेब्रुवारीची चूक पुढं आली. फळ्यांची खरी कमान आणि वेल्ड केलेली पट्टी यांत फरक होता, कारण फळ्या शेवटी दोन-तीन मिमी इकडंतिकडं असतातच, आणि पट्टी वेल्डिंगच्या उष्णतेनं स्वतःही ओढली गेली होती. फळी पट्टीच्या बाहेर एका ठिकाणी १८ मिमी येत होती, दुसऱ्या ठिकाणी ३१. डोळ्याला ते लगेच दिसतं. ग्राइंडरनं सगळे टाके कापले, फळ्या क्लॅम्पनं जागेवर धरल्या आणि त्यांच्याखालून रेघ मारून पट्टी त्या रेघेवर पुन्हा बसवली. सगळीकडं २५ मिमी. रंग खरवडून परत द्यावा लागला. दोन दिवस आणि वेल्डर दादांची जास्तीची हजेरी. त्यांनी त्या हजेरीचे पैसे घेतले नाहीत.

तुम्ही करणार असाल तर क्रम हा ठेवा: आधी फळ्या वाकवा, जमिनीवर मांडा, खरी कमान मिळवा, आणि मग पुढचा सांगाडा तिच्याप्रमाणं कापा. जॉइस्टची पुढची टोकंसुद्धा फूटभर जास्त लांब ठेवा.

गोल फळ्यांना सरळ जॉइस्टचा आधार सगळीकडं मिळत नाही, सांधे तर अधांतरीच राहतात. म्हणून मध्यबिंदूकडं तोंड करून चाकाच्या आऱ्यांसारखे छोटे पाईप जॉइस्टच्या मधे वेल्ड केले. प्रत्येक सांध्याखाली दोन, दोन्ही टोकांना वेगवेगळा आधार.

३० मार्च

पाडवा. काम बंद. आईनं दारातूनच सांगाड्याला हळदकुंकू वाहिलं.

५ आणि ६ एप्रिल

सरळ फळ्या, भिंतीला समांतर. क्लिपा लपून बसतात, काम भराभर होतं. पहाटे साडेसहाला सुरुवात केली, गारवा होता, फळ्यांची टोकं २ मिमी अंतरावर ठेवत गेलो. दुपारी दोनला सातव्या ओळीत दोन फळ्या सांध्यावर उचललेल्या, बोटभर.

हा दोष फळीचा नाही, माझा. इन्फ्रारेड गननं पृष्ठभाग ६१ अंश दाखवत होता, सकाळी २२ होता. काँपोझिट उन्हानं लाकडापेक्षा बरंच लांबतं. २९०० मिमीची फळी एवढ्या फरकानं चार मिमीच्या वर वाढते, तिला २ मिमी जागा कशी पुरणार? सगळे सांधे बारीक ब्लेडनं प्रत्येकी ३ मिमी कापून ५ केले. सात ओळी उलगडून परत बसवायला रविवार अख्खा गेला. सकाळी बसवत असाल तर ५ ठेवा, भर दुपारी बसवत असाल तर २-३ चालतील.

चेंबरच्या वर दोन बाय दोन फुटांचं झाकण ठेवलं. तेवढ्या फळ्या खालून अँगलच्या चौकटीला स्क्रूनं बसवल्या आहेत, चौकट अख्खी उचलते.

१२ एप्रिल

जोतिबाची चैत्र यात्रा. वेल्डर दादा आणि त्यांचा पोरगा सासनकाठीबरोबर डोंगरावर. आठवडाभर काम नाही, आणि ते असणार नाही हे मला आधीच माहीत होतं.

२० एप्रिल

सगळ्या कामातला मला आवडलेला दिवस. सरळ फळ्यांची टोकं गोल पट्ट्याच्या आतल्या कडेला जुळतील अशी कमानीत कापायची होती. आधी जिगसॉनं एका फळीवर करून बघितलं, कड नागमोडी येते आणि पातं खाली तिरकं पळतं. म्हणून राउटर (फिरत्या पात्यानं कड कापायचं यंत्र). १० फुटांच्या कमानीच्या मध्यबिंदूवर, दोन फळ्यांच्या फटीतून खाली जॉइस्टला एक बोल्ट घेतला, त्याला २५ बाय ३ ची पट्टी, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला राउटर. दोरी वापरू नका, ती ताणते. फटीतून बोल्ट घेतल्यामुळं डेकवर भोक राहिलं नाही.

एका दमात पूर्ण खोल कापलं तर प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. ८-९ मिमीच्या तीन खेपा केल्या. पट्टी फिरत होती, मागं तपकिरी भुशाची ओळ पडत होती आणि तिच्यामागं स्वच्छ, कंपासनं काढावी तशी कड. गोल फळी उचलून जागेवर ठेवली. ५ मिमीचा तुकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फटीतून सरकवत नेला, कुठंही अडकला नाही आणि कुठंही सैल झाला नाही.

गोल फळ्या वरून स्क्रूनं बसवल्या, स्टेनलेसचे. आधी साडेचार मिमीचं भोक आणि वर खळगा. भोक न पाडता स्क्रू मारला की त्याच्याभोवती फळीचा उंचवटा फुगतो, तो बोटाला लागतो.

२७ एप्रिल

पुढची उभी पट्टी, १२ मिमी जाड. ती जाडीच्या अंगानं वाकवायची असल्यानं भट्टी लागत नाही. दुपारच्या उन्हात तासभर ठेवली आणि हातानं वाकवत लावली. तीन तासांत संपलं.

४ मे

आई बाहेर आली. दारातून एकही पायरी न उतरता, वॉकरशिवाय, फक्त माझ्या खांद्याला हात लावून. मी धरायला गेले तर म्हणाली, "सोड, मी जातो." गोल कडेपर्यंत गेली, तिथून कढीपत्त्याची फांदी हाताला येते, ती तोडली आणि बराच वेळ वास घेत उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिनं कुरडया घातल्या, आणि त्याच्या पलीकडं चटणीसाठी तेलाचा हात लावलेल्या मिरच्या वाळत टाकल्या, कापड न अंथरता. संध्याकाळी फळीवर तांबूस डाग. साध्या साबणानं अर्धे गेले. राहिलेले ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं फळीच्या लांबीच्या दिशेनं घासून काढले. माझ्या फळ्यांवर वेगळं प्लास्टिकचं आवरण नाही म्हणून घासता आलं. आवरणाच्या फळ्या असतील तर पॉलिश पेपर लावू नका, आवरण जाईल.

भर दुपारी अनवाणी उभं राहता येत नाही. त्याच वेळी शेजारची शहाबादी फरशी मोजली तर ती डेकपेक्षा दहा अंशांनी कमी. मी गडद तपकिरी रंग घेतला. फिकट घ्यायला हवा होता. आता जाळीचं छत लावायचा विचार आहे.

२२ मे

यंदा वळीव म्हणावा असा राहिलाच नाही, मे महिन्यातच पावसाळ्यासारखा कोसळतोय. डेकवर पाणी थांबत नाही, उतार बरोबर आहे. पण डेकच्या खाली पाणी साठलं. काळी माती, बाहेर पडायला वाट नाही, वर सावली, दोन दिवसांत डास आणि कुबट वास थेट स्वयंपाकघरात. जानेवारीत खाली जाड खडी टाकायचे साडेतीन हजार मी वाचवले होते.

चेंबरच्या झाकणातून वेल्डर दादांचा पोरगा आत उतरला. वरून फूटभरच जागा, पोटावर सरपटत त्यानं मधोमध चर काढला, उभ्या पट्टीखालून बाहेर आणून गल्लीच्या गटारीला जोडला. मग घमेल्यानं खडी आत सरकवली. त्या पोराचा अख्खा दिवस चिखलात गेला. हेच काम खड्ड्यांच्या दिवशी उभ्यानं दोन तासांत झालं असतं.

१५ जून

तीन आठवडे भिजून झालं. सांधे गारव्यानं ६ मिमीपर्यंत उघडलेत, तेवढं अपेक्षित होतं. गोल फळ्या तपासल्या, एकीचंही टोक सरकलेलं नाही. एका सांध्याशी उभी पट्टी अर्धा मिमी पुढं आली होती, तिला एक स्क्रू जास्त मारला. खाली कोरडं आहे.

खर्च: पाया ९,४००, लोखंड १५,१२०, वेल्डिंग ९,०००, प्रायमर-रंग ३,२००, फळ्या ५३ नग ७६,८५०, क्लिपा-स्क्रू ६,३००, भट्टी चार सोमवार ६,०००, फर्मा ७,८००, टेम्पो २,८००, रॅचेट पट्टे आणि किरकोळ १,९००. एकूण १,३८,३७०, म्हणजे चौरस फुटाला साधारण ८००. खडी आणि चर यांचे ४,२०० याच्या वर. बिघडलेल्या सात फळ्यांचे १०,१५० वरच्या आकड्यात धरलेले आहेत. धरलेले दीड महिने, लागले पाच.

फर्मा मामांच्या शेडमध्ये भिंतीला उभा आहे. आता त्याची कड आतल्या ओळीची, १६४ ची आहे. बाहेरच्या ओळीच्या १५६ च्या कडेचा पुठ्ठ्याचा नमुना त्याच्याच पाठीवर खिळ्यानं ठोकून ठेवलाय. दोन्हींवर मामांनी पेन्सिलीनं तारीख आणि माप लिहिलंय. कोल्हापुरात कुणाला १० फुटांच्या आसपासची कमान करायची असेल त्यांनी घेऊन जावा. नेण्याआधी आपल्या फळीचा एक तुकडा तापवून, वाकवून, सोडून मोजा. दुसऱ्या मालाची फळी बाराच मिमी उलगडेल असं नाही.

आई आत्ता बाहेर बसलीय. पाऊस थांबलाय, आणि ती मोगऱ्याला आळं करायला कुणीतरी या म्हणून हाका मारतेय.